थीम पार्कची सहल: पैसे वसूल होतात का अजून?

पावशेर_साखर | १४ सप्टेंबर, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

आमच्या घरी पाच माणसं. मी, नवरा, लेक ११ वर्षांची, मुलगा ६ चा आणि सासूबाई ६८ च्या. राहायला नाशिक. लेकीच्या वर्गातल्या दोन मुली मे महिन्यात सिंगापूरचा युनिव्हर्सल स्टुडिओ बघून आल्या, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. टूरवाल्याकडे चौकशी केली. पाच दिवस, पाच माणसं, विमान-व्हिसा-हॉटेल-पार्क सगळं धरून पावणेपाच लाख. नवऱ्याने आकडा ऐकला, चहाचा कप बशीत ठेवला आणि म्हणाला, "खोपोलीला जाऊ."

तर सिंगापूर की खोपोलीचं इमॅजिका पार्क, हा एक प्रश्न. पण त्याआधीचा मोठा प्रश्न असा, की या सहलीत पैसे वसूल होतात का मुळात? गेल्या मे महिन्यात आम्ही एका वॉटरपार्कला गेलो होतो, नाव नको. तिकिटं, लॉकर, भाड्याचे कॉस्च्युम, जेवण मिळून साडेअकरा हजार गेले. मुलांच्या म्हणण्याप्रमाणे दिवसभरात चार घसरगुंड्या झाल्या. बाकी वेळ रांगेत. परतताना गाडीत कोणी बोलेना. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "पाणी छान होतं हो." त्या पाण्यात उतरल्याच नव्हत्या.

जाऊन आलेल्यांनी खरं खरं सांगा. फोटोतलं नको.

---

गोराईची_बोट | १४ सप्टेंबर, रात्री १०:५५

धागा वाचून थेट १९९४ मध्ये गेलो.

एस्सेलवर्ल्ड १९८९ ला सुरू झालं. आमच्या चाळीतली पोरं एकेक करून जाऊन यायची आणि आठवडाभर चाळीत दुसरी गोष्ट नसायची. बाबांनी वर्षभर थांबवलं आणि मग एका रविवारी नेलं. बोरिवलीहून बस, गोराईची खाडी, बोट. मला त्या बोटीचंच इतकं अप्रूप होतं की तिथूनच परत फिरलो असतो तरी पैसे फिटले असते. एकदा आत गेलं की सगळ्या राइड तिकिटातच. मी एकच पाळणा सलग पाचदा घेतला. बाबा एकाही राइडमध्ये बसले नाहीत. आमच्या चपला आणि ओले टॉवेल घेऊन एका झाडाखाली उभे होते. तेव्हा ते खटकलं नाही.

२०२२ पासून एस्सेलवर्ल्ड बंद आहे. शेजारचं १९९८ चं वॉटर किंगडम राहिलं. बोट अजून जाते, कारण २००९ पासून तिथे विपश्यनेचा पॅगोडाही आहे. मधली काही वर्षं अशी होती की एकाच बोटीत किंचाळायला निघालेले आणि मौन धरायला निघालेले मांडीला मांडी लावून बसायचे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. पण मुलगी ११ ची आहे, हे वय परत येत नाही एवढं सांगतो.

---

हिशेबनीस | १४ सप्टेंबर, रात्री ११:३०

भावनेत वाहून न जाता आकडे मांडू.

समजा माणशी तिकीट दीड हजार. दिवसाला बारा राइड झाल्या (हे उदार मनाने धरलंय) आणि एक राइड सरासरी दोन मिनिटांची. म्हणजे प्रत्यक्ष मजा २४ मिनिटं. मिनिटाला ६२ रुपये ५० पैसे. तेच ५०० रुपयांचं नाटकाचं तिकीट काढलं तर अडीच तासांचे मिनिटाला ३ रुपये ३३ पैसे. शिवाय एसी, आणि मध्यंतरात बटाटेवडा.

---

रानजाई | १४ सप्टेंबर, रात्री ११:३४

नाटकात पोटात गोळा येत नाही हो हिशेबनीस!

---

हिशेबनीस | १४ सप्टेंबर, रात्री ११:४१

कुठलं नाटक बघता त्यावर आहे.

---

फ्लोरिडाकर | १५ सप्टेंबर, सकाळी ६:१५

आमच्याकडे संध्याकाळ आहे, निवांत लिहितो.

टॅम्पाला राहतो. ऑरलँडो गाडीने दीड तासावर. त्यामुळे भारतातून कोणीही आलं की पहिल्या आठवड्यात डिस्ने ठरलेलं. आईवडील, सासुरवाडी, मामेभाऊ, मामेभावाचा मित्र. नवव्या खेपेनंतर मी मोजणं सोडलं. तेव्हा अनुभवाचं म्हणाल तर भरपूर आहे.

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं तेव्हा मोठ्यांचं तिकीट साडेतीन डॉलर होतं. महागाई धरली तर आजचे जेमतेम २८. आणि आज? एका दिवसाचं, एका पार्कचं, एका माणसाचं तिकीट हंगाम पाहून साधारण १२० पासून २०० डॉलरपर्यंत. नाताळच्या आठवड्यात चौघं गेलात तर आत पाऊल टाकायलाच आठशे. पार्किंग वेगळं. पूर्वी 'फास्टपास' नावाची सोय १९९९ पासून फुकट होती, एका राइडची वेळ राखून ठेवायची आणि तोवर दुसरीकडे फिरायचं. ती २०२१ मध्ये गेली, आता रांग टाळायची तर पैसे मोजा, तेही माणशी आणि रोजचे. विमानतळावरून हॉटेलवर नेणारी फुकट बस होती, ती २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली.

त्यात मे २०२५ मध्ये युनिव्हर्सलने 'एपिक युनिव्हर्स' हे नवं पार्क उघडलं. म्हणजे डिस्नेचीच चार पार्कं, वर युनिव्हर्सलची, आठवडाही पुरत नाही. पाहुणे म्हणतात, एवढं आलोच आहोत तर सगळं बघू.

तरी काही गोष्टी चांगल्या आहेत. डिस्नेमध्ये घरचं खायला नेता येतं. आम्ही थेपले आणि दाण्याची चटणी नेतो, काचेची बरणी तेवढी चालत नाही. खाण्याच्या काउंटरवर मागितलं की बर्फाचं पाणी फुकट देतात. तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. आणि तान्हं मूल असेल तर आईबाबांनी आळीपाळीने राइड घ्यायची, दुसऱ्याला परत रांग लावायला लागत नाही. ही सोय कित्येकांना माहीतच नसते, दारावरच्या माणसाला विचारावं लागतं.

पण खरं सांगू? चौघांची पाच दिवसांची ऑरलँडोची सहल आता आमच्या इथल्या मध्यमवर्गालाही जड जाते. शेजारचं गोरं कुटुंब दरवर्षी जायचं, आता तीन वर्षांतून एकदा.

---

जत्रेकरू | १५ सप्टेंबर, सकाळी ९:०५

फ्लोरिडाकर साहेब, एक दुरुस्ती करतो, राग मानू नका.

ते साडेतीन डॉलर नुसतं आत शिरायचे होते. राइडची कुपनं वेगळी. ए, बी, सी, डी, ई अशी पुस्तिकाच मिळायची. घोड्याच्या चक्राला साधं कुपन, आणि जी भारी राइड, तिला ई. ही पद्धत १९८२ पर्यंत चालली. तेव्हा २८ डॉलर आणि २०० डॉलर शेजारी ठेवून बोंब मारायची तर त्या २८ मध्ये कुपनांचे पैसेही घाला.

आणि ही पद्धत म्हणजे दुसरं काय? आपली जत्राच की! आमच्याकडे उरुसात अजून तेच चालतंय. आत यायला एक पैसा नाही. आकाशपाळण्याला तिकीट, ब्रेकडान्सला तिकीट, मौत का कुआँ बघायचा तर शिडीवर चढायचं तिकीट. माझी आज्जी ऐंशी वर्षांची होईस्तोवर जत्रंला आली. बसायची भज्याच्या गाड्यापाशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची. तिचा खर्च एक प्लेट भजी. कुणी तिला म्हटलं नाही, की आज्जी पाळण्यात बसा नाहीतर नका बसू, हजार रुपये टाका.

पुण्यामुंबईच्या लोकांना हे लई स्वस्तातलं वाटतंय. पण हिशेब बघा. ज्याला बसायचं त्यानं द्यावं, हे न्यायाचं का सगळ्यांनी सगळ्याचं द्यावं, हे?

---

फ्लोरिडाकर | १५ सप्टेंबर, सकाळी ९:२०

मान्य. कुपनांचं विसरलो होतो. झोपायच्या आधी लिहिलं की असं होतं.

---

गड_आणि_कोट | १५ सप्टेंबर, सकाळी १०:१०

लाखो रुपये प्लॅस्टिकच्या डोंगरावर घालवण्यापेक्षा खरा डोंगर दाखवा मुलांना. रायगडला जा. रोपवे आहे, आजीसुद्धा वर येतील.

---

पावशेर_साखर | १५ सप्टेंबर, सकाळी १०:२५

दादा, रायगड दोनदा झालाय. सासूबाई रोपवेने आल्या होत्या, होळीच्या माळावर बसून त्यांनी आम्हा सगळ्यांना लाडू वाढले. गड आहेतच. पण मुलाला सध्या उलटं टांगून घ्यायचंय आणि ते टकमकवर करता येत नाही. :)

जत्रेकरू म्हणतात तो मुद्दा मनात घोळतोय. आम्हा पाचांत खऱ्या राइड करणारे दोनच. लेक आणि नवरा. मुलगा अर्ध्या राइडना उंचीत बसत नाही, मला गरगरतं आणि सासूबाईंचा गुडघा. तरी तिकिटं पाच.

---

नटबोल्ट | १५ सप्टेंबर, दुपारी १:४०

राइडच्या देखभालीचं काम नऊ वर्षं केलं. कुठे ते सांगत नाही. हिशेबनीस यांनी मिनिटाचा भाव काढला तो बरोबर, पण त्यात एक कळ राहिली.

तुम्ही विकत घेता ती राइड नसते, तासाला किती खुर्च्या सुटतात त्यातला तुमचा वाटा असतो.

समजा रोलर कोस्टरची गाडी २४ जणांची. फेरी दोन मिनिटांची, आणि माणसं उतरवणं-चढवणं, पिशव्या कप्प्यात ठेवायला लावणं, प्रत्येकाचा दांडा हाताने ओढून बघणं, यात आणखी दोन मिनिटं. एकच गाडी रुळावर असेल तर चार मिनिटांना एक फेरी, तासाला १५, म्हणजे ३६० माणसं. दुसरी गाडी जोडली की एक फिरत असताना दुसरी भरते, आणि तोच आकडा जवळजवळ दुप्पट होतो. रांग तेवढीच लांब दिसते, पण दीड तासाची पाऊण तास होते. म्हणून रांगेत शिरायच्या आधी पाच मिनिटं बाहेर उभं राहून बघा, रुळावर गाड्या किती. एकच असेल तर आधी दुसरीकडे जा. गर्दी नसते त्या दिवशी पार्कवाले मुद्दाम एकच चालवतात, देखभालीला दुसरी मोकळी मिळते. त्यात गैर काही नाही.

दोन गाड्या आपटत नाहीत कशा, हे मुलं हमखास विचारतात म्हणून सांगतो. रेल्वेसारखंच. रुळाचे भाग पाडलेले असतात, एका भागात एका वेळी एकच गाडी. पुढचा भाग मोकळा झाल्याचं सेन्सरने सांगितलं नाही तर मागची गाडी ब्रेकवर थांबते. लोक वर अडकले की मोबाइल काढून 'अपघात' म्हणून टाकतात. बहुतेक वेळा यंत्रणेने शंका आली म्हणून थांबवलेलं असतं. शंका घेणारी यंत्रणा चांगली.

आता पैसे देऊन जलद रांग. ती एकही नवी खुर्ची आणत नाही. वर फलाटापाशी दोन रांगा मिळतात तिथे एक मुलगा उभा असतो. त्याने जलद रांगेतले तीन आणि साध्या रांगेतला एक असं सोडलं तर साधी रांग चौपट हळू सरकते. म्हणजे तुमचा वाचलेला वेळ दुसऱ्याच्या खिशातून काढलेला असतो.

---

रानजाई | १५ सप्टेंबर, दुपारी २:०५

त्र्यंबकेश्वरची सशुल्क दर्शनाची रांग डोळ्यांसमोर आली.

---

पावशेर_साखर | १५ सप्टेंबर, दुपारी २:१२

आम्ही नाशिककर, आम्हाला काय सांगता! फक्त तिथे मी साध्या रांगेत असते तेव्हा अन्याय वाटतो आणि पाहुण्यांबरोबर पैसे भरून गेले की सोय वाटते.

---

खोपोलीमार्गे | १५ सप्टेंबर, संध्याकाळी ७:३०

पिंपरीत राहतो. आमच्या पोरांचं पहिलं पार्क म्हणजे निगडीचं अप्पूघर, त्यानंतर इमॅजिका. तीनदा झालं, म्हणून त्याबद्दल लिहितो.

२०१३ मध्ये अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका म्हणून सुरू झालं, मनमोहन शेट्टींनी उभं केलं. पुढच्या वर्षी वॉटरपार्क, मग हॉटेल, मग बर्फाचं पार्क. पण डोक्यावर कर्ज एवढं चढलं की अखेर २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. लोणावळ्याचं वेट एन जॉय आणि शिर्डीचं साईतीर्थ ही पार्कंही त्यांचीच. हे सांगायचं कारण, लोकांना वाटतं तिकीट म्हणजे निव्वळ लूट. अशा पार्काचा खर्च गर्दी असो-नसो सारखाच. वीज, देखभाल, शेकडो माणसांचे पगार. महाराष्ट्रात चार महिने पाऊस, शाळा सुरू असताना आठवड्यातले पाच दिवस सुनसान. मिळवायचं ते शनिवार-रविवार आणि सुट्टीत. शिवाय कर. जीएसटी आला तेव्हा अशा पार्कांना २८ टक्के होता, जानेवारी २०१८ पासून १८ झाला.

ग्राहकाने याचा उलटा फायदा घ्यायचा. भाऊबीज उलटली की शाळांना सुट्टी असते पण बहुतेक आईबापांची रजा संपलेली असते. तो मंगळवार-बुधवार धरा. तिकीट आधी ऑनलाइन काढा, दारावर कधीच नाही. दार उघडताना हजर राहा आणि सगळे डावीकडे वळले तर तुम्ही उजवीकडे वळा.

नायट्रो हा तिथला मोठा कोस्टर. पायाखाली फळी नसते, पाय लोंबकळत राहतात, आणि पाच वेळा उलटं होतं. तुमच्या लेकीला तो हवा असणार, तर आल्या आल्या तोच. जेवणानंतर मुळीच नको, यात सविस्तर लिहीत नाही.

सासूबाईंसाठी 'आय फॉर इंडिया'. खुर्चीत बसवतात, पट्टा लावतात, खुर्च्या पुढे सरकून अधांतरी होतात आणि समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर आपण भारतावरून उडतोय असं दिसतं. झटके नाहीत. तरी पाठीचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

---

ओंजळभर | १५ सप्टेंबर, रात्री ८:१५

जपानमध्ये तीन वर्षं होते म्हणून तिसरा पर्याय टाकते. तोक्यो डिस्नेलँड आणि डिस्नेसी. दिवसाचं मोठ्यांचं तिकीट ७,९०० ते १०,९०० येन, म्हणजे ऑरलँडोच्या महाग दिवसाच्या निम्म्याहून कमी. मालकी डिस्नेची नाहीच मुळी, ओरिएंटल लँड नावाची जपानी कंपनी चालवते आणि डिस्नेला स्वामित्वधन देते. मिरवणुकीच्या तासभर आधी लोक सतरंज्या अंथरून शिस्तीत बसतात, अगदी आपल्याकडे गणपती बघायला बसतात तसं, फक्त आवाज नाही.

विमानाचं भाडं मात्र सिंगापूरपेक्षा बरंच जास्त. सिंगापूरला पार्काचं तिकीट ८० सिंगापूर डॉलरच्या वर आहे, साडेपाच हजारांच्या घरात धरा. तुमच्या पावणेपाच लाखांत पार्काचा वाटा फार तर तीस हजार. बाकी सगळं विमान, हॉटेल आणि टूरवाला. तेव्हा सिंगापूरला जायचं तर सिंगापूर बघायला जा. एका दिवसाच्या पार्कासाठी पासपोर्ट काढू नका.

---

हिशेबनीस | १५ सप्टेंबर, रात्री ८:३०

ओंजळभर यांच्या प्रतिसादाला साष्टांग. हा खरा हिशेब. माझा नाटकाचा मुद्दा मागे घेतो. (बटाटेवड्याचा नाही.)

---

वत्सलामावशी | १६ सप्टेंबर, सकाळी ११:००

मी वय वर्षे ७२. नातवाने हे खातं काढून दिलं. एरवी पाककृतींत असते, आज हा धागा दिसला आणि राहवलं नाही, कारण इथे सगळे माझ्याबद्दल बोलताहेत आणि मला कोणी विचारलेलं नाही.

मी पिशव्या सांभाळणारी. दोन्ही मुलांच्या सहलींत मिळून सहा पार्कं झाली आहेत माझी, एक दुबईचं. प्रत्येक ठिकाणी तिकीट काढून आत जायचं, सावलीतलं बाकडं शोधायचं आणि पाच मोबाइल, तीन चष्मे, एक पाण्याची पिशवी घेऊन बसायचं. मुलगा दर वेळी म्हणतो, आई तुझे पैसे वाया गेले. मी म्हणते, तू नको काळजी करू. बाकड्यावरून जेवढं दिसतं तेवढं राइडमधून दिसत नाही. एकदा एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. ती तीनदा मोठ्या पाळण्यात बसून आली आणि तो तिन्ही वेळा बुटाची लेस बांधत बसला. चौथ्या वेळी तिने लेसच काढून घेतली हो!

गोराईची बोट यांचे वडील झाडाखाली उभे होते ना, त्यांना बसायला बाकडं मिळालं नसावं. तेवढंच वाईट वाटलं वाचून.

पावशेर, तुझ्या सासूबाईंना घरी ठेवण्याचा विचार करत असशील तर करू नकोस. पण त्यांना विचार. आम्ही 'पाणी छान होतं' म्हणतो तेव्हा त्याचे दोन अर्थ असतात.

आता कामाचं. वॉटरपार्कला सुती कपडे चालत नाहीत, नायलॉन किंवा तसलंच कापड लागतं. सुताचे धागे सुटून गाळणीत अडकतात आणि भिजलेलं सुती कापड अंगाला जड होतं. दारावर भाड्याने घेतलं तर पैसे जातात आणि मापही धड नसतं. मी आमच्या बाजारातून पायघोळ नायलॉनचा पोशाख शिवून घेतला, लांब बाह्यांचा, चार वर्षं तोच चाललाय. एकदा तो घालून गुडघाभर पाण्यात तासभर बसले होते. कमरेचा शेक बंद झाला तो दिवस.

खायचं बाहेरचं नेऊ देत नाहीत बहुतेक ठिकाणी, पण औषधावर असणाऱ्या माणसाचं पथ्याचं खाणं नेताना आम्हाला कुणी अडवलं नाही. डबा वर ठेवायचा, लपवायचा नाही.

---

रानजाई | १६ सप्टेंबर, सकाळी ११:०८

मावशी!!! तुम्ही पाककृतींतून बाहेर या हो.

---

जत्रेकरू | १६ सप्टेंबर, दुपारी १२:३०

मावशी, आमच्या उरुसाला या. बाकडं राखून ठेवतो, तिकीट नाही. भजी माझ्याकडून.

---

नियमानुसार | १६ सप्टेंबर, दुपारी ३:१५

बाहेरच्या खाण्यावरून एक माहिती. सिनेमागृहांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं, की बाहेरचं खाणं अडवण्याचा हक्क मालकाला आहे, पण पिण्याचं पाणी फुकट द्यावं लागेल आणि तान्ह्या मुलाचं खाणं आईवडील नेऊ शकतात. तो निकाल सिनेमागृहांपुरता आहे, तो दाखवून पार्काच्या दारात भांडू नये.

---

गड_आणि_कोट | १६ सप्टेंबर, दुपारी ३:४०

गडावर झुणका-भाकरी मिळते. कोणी पिशवी तपासत नाही.

---

पावशेर_साखर | १६ सप्टेंबर, रात्री ९:५०

मावशी, विचारलं हो सासूबाईंना. तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. आधी हसल्या. मग म्हणाल्या, "मागच्या वेळी मला त्या संथ वाहणाऱ्या पाण्यात टायरवर बसायचं होतं. पण तुम्ही सगळे चिडलेले होतात आणि कपड्यांचे वेगळे पैसे म्हणून मी बोलले नाही."

चार महिने झाले त्याला.

सिंगापूर रद्द. भाऊबीजेनंतरचा मंगळवार, खोपोली, एक रात्र मुक्काम. नायलॉन उद्याच आणते.

---

पावशेर_साखर | १८ नोव्हेंबर, रात्री ९:१५

जाऊन आलो. वृत्तांत द्यायचा राहिला होता.

पेट्रोल-टोल, मुक्काम, दोन दिवसांची तिकिटं, जेवणखाण मिळून पाच जणांचे एकतीस हजार. हिशेबनीस, राइडची मिनिटं मोजली नाहीत, क्षमस्व.

नटबोल्ट यांचं ऐकून लेक प्रत्येक रांगेआधी कठड्याला टेकून गाड्या मोजत होती. "आई, दोन आहेत, चल." मागचे एक काका विचारायला लागले की ही काय मोजतेय, तर तिने त्यांना तासाला किती खुर्च्या सुटतात ते समजावून सांगितलं. नायट्रो तीन वेळा झाला. नवरा एकदाच बसला, त्यानंतर तो सासूबाईंच्या बाकड्यावर येऊन म्हणाला, मी सामान बघतो, तू जा आई. त्याचा रंग जरा पांढरा होता.

मग मी आणि सासूबाई 'आय फॉर इंडिया'त गेलो. पट्टा लावायला आलेल्या मुलीला त्यांनी विचारलं, "चपला काढायच्या का?" तिला वाटलं सुरक्षेसाठी विचारतायत. मला माहीत होतं, देवळात शिरल्यासारखं वाटलं त्यांना. खुर्ची अधांतरी झाली तेव्हा माझा हात घट्ट धरला होता. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "वरून किती स्वच्छ दिसतो गं देश."

दुसऱ्या दिवशी पाण्यात टायरवर दीड तास. उठवून आणावं लागलं.

---

वत्सलामावशी | १८ नोव्हेंबर, रात्री ९:३०

आणि पोशाखाचं माप?

---

पावशेर_साखर | १८ नोव्हेंबर, रात्री ९:३४

अगदी बरोबर बसलं. शिंपीदादांनी खिसाही शिवून दिलाय, गोळ्यांची डबी ठेवायला.

---

नटबोल्ट | १८ नोव्हेंबर, रात्री १०:००

मुलाचं काय झालं? उलटं टांगून घ्यायचं होतं ना त्याला.

---

पावशेर_साखर | १८ नोव्हेंबर, रात्री १०:१२

उंचीच्या पट्टीला दोन बोटं कमी पडला. तिथल्या दादाने दोनदा मोजलं, टाचा उंचावतोय हे त्याच्या लक्षात आलं. रडला नाही. घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलने रेघ मारून घेतलीय, आणि रोज सकाळी दूध प्यायचं की तिथे पाठ टेकून उभा राहतो. आज आजीला म्हणत होता, काल एवढा होतो, आज बघ. आजीने चष्मा लावून पाहिलं आणि जुन्या रेघेच्या केसभर वर नवी मारून दिली.